निकालाची संध्याकाळ
उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की इंग्रजी अमलातलं आमचं गढा गाव आणि शेजारची मैत्रीण आठवते. वाटणीच्या भांडणात तिच्या काकाने तिचे आईवडील आणि दोन्ही भाऊ कुऱ्हाडीने मारले. ती आमच्याकडे शिंगाडे सोलत बसली होती, म्हणून वाचली. काकाला कुऱ्हाड घेऊन घरात शिरताना तिने आमच्या ओसरीवरून पाहिलं होतं; कोर्टात साक्ष तिनेच दिली. काकाला फाशीची शिक्षा झाली, त्या संध्याकाळी ती आमच्या ओसरीवर हमसून रडत होती. आई म्हणाली, "आता काहून रडून राहिली, बाई? न्याय झाला ना." ती म्हणाली, "मावशी, खांद्यावर बसवून मेळ्यात मला तोच न्यायचा. आता घरचं कोणीच नाही उरलं." आईने तिला नुसतं जवळ घेतलं. सकाळी तिचा मामा तिला नागपूरला घेऊन गेला. आज माझी नात तिच्याएवढी आहे, तरी नागपूरकडचं कोणी भेटलं की मी तिचं नाव सांगून विचारते, "ओळखता का हो हिला?"