काचेवरचे पांढरे ठिपके

लातुरात आमच्या नळाला आठवडा आठवडा पाणी यायचं नाही आणि माझ्या नवऱ्याने हॉलमध्ये समुद्र मांडला होता. काचेची टाकी, मिठाचं पाणी आणि मुंबईहून मागवलेला एक ओबडधोबड दगड. मासे कुठायत म्हणून विचारलं की म्हणायचा, "आधी बारके जीव रुजू देत, मग मासे." मासे यायच्या आत तोच गेला. कावीळ झाली, बळावली आणि धडधाकट माणूस बघता बघता संपला.

टाकी काढून टाकायला मी कितीदा उठले. पण दगडासोबत आलेले ते जीव त्याच्या माघारी वाढतच होते. त्याचं भिंग घेऊन मी ते ओळखायला शिकले. सगळे झिंग्या-खेकड्यांच्या कुळातले. काचेवर झटके देत सरकणारा पांढरा ठिपका म्हणजे कोपेपॉड. पाठीत वाकलेला, कुशीवर पळणारा तो ॲम्फिपॉड.

सासूबाईंना मी मुखेडहून इकडे आणलं होतं. लेक गेल्यापासून त्या कुणाशी बोलत नव्हत्या. एकदा भिंग त्यांच्या हातात दिलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ह्याच्या पोटाखाली अंडी हायत, माय." तेव्हापासून त्या टाकीपाशीच बसायच्या. दोन घास जेवू लागल्या. मला हायसं वाटलं. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी झपाट्याने आटतं. तेवढं फिल्टरचं पाणी रोज घालायचं काम मी त्यांच्यावर सोपवलं.

मे महिन्यात काच रिकामी दिसू लागली. मी मिठाचं प्रमाण तपासलं, दगड फिरवून पाहिला. कुठे काही हलेना. एका रविवारी सासूबाई पाणी घालताना दिसल्या. तांब्याच्या कळशीतलं, रात्रभर ठेवलेलं.

"आई, फिल्टरचं नाही घातलं?"

"त्या पाण्यात काय जीव हाय? लेकरांना चांगलं पाणी पाह्यजे का न्हाई?"

नवरा बजावून सांगायचा, तांबं माणसाला सोसतं, या जिवांना त्याचा अंशही विष. टाकीत हात घालण्याआधी बोटातली तांब्याची अंगठी काढून ठेवायचा. मला ओरडायचं होतं. इतका राग मला तो गेला तेव्हाही आला नव्हता.

"दिसंना झालेत गं. कशानं गेले?" त्यांनी भिंग माझ्यापुढे धरलं.

कारण ओठांवर आलं होतं. पण दवाखान्यात लेकाला त्यांनी शेवटपर्यंत याच कळशीतलं पाणी पाजलं होतं, रोज घरून भरून नेऊन. तांब्याने जीव जातो, एवढंच त्यांच्या कानात राहिलं असतं.

"ऊन लई झालं, आई," मी म्हणाले.

"मग उद्यापासून जास्त घालते," म्हणत त्यांनी उरलेली कळशी टाकीत रिकामी केली. मी अडवलं नाही.