निवळलेली बाटली

आमच्या तापीकाठच्या गावात माझ्या मावसभावाइतका ठार वेडा माणूस झाला नाही, असं लोक अजून सांगतात, आणि इतकी वर्षं मीही मान डोलावत आलो. आता डोलावणार नाही. तो हट्टी होता, नको तिथे हात घालणारा होता, वेडा नव्हता. हे माझ्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नाही, म्हणूनच तर सांगायचं टाळत होतो.

इंग्रजी अमलात मुंबईला जंतुशास्त्र शिकायला गेलेला हा भाऊ सुटीत घरी आला, की माणसांआधी गटारांची विचारपूस करी. तळोद्याच्या बाजारातून लोक मिरच्या आणत, हा अत्तराच्या रिकाम्या बाटल्या आणी. कांद्यालाही चुलीपासून लांब ठेवणारं आमचं गुजराचं घर, आणि हा गोठ्यात मटणाचं सूप उकळून त्यात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू पोसायचा. मावशी कपाळ बडवून घेई, "घरमा मानसेसले वरन-भात, आनि तुन्हा जंतूसले मटन!" हा म्हणे, "माय, पाहुने येनार शेतस." पाहुणे म्हणजे जंतूंनाच गिळणारे विषाणू. पारावर कुणी टोमणा मारी, "जंतूले जंतू खास, मंग त्या खानाराले कोन खास?" "का, तुले भूक लागनी का?" म्हणून हा चालू लागे. एकदा गढूळ सुपाची एक बाटली काचेसारखी निवळली, तर हा गुरांसमोर नाचला. का, ते मी विचारलं नाही.

गुढीपाडव्याच्या आवराआवरीत मावशीने मला बाटल्या घासायला सांगितल्या. मी तेव्हा चांगला लग्नाचा घोडा. गढूळ बाटल्यांत जंतू असतात एवढं मला कळत होतं, त्यांना मी शिवलो नाही. निवळ होती तिच्यात पाणीच असणार, म्हणून ती ओतली, घासली, आणि भाऊ चिडू नये म्हणून माठातल्या पाण्याने भरून जागेवर ठेवली.

त्याच उन्हाळ्यात पटकी आली आणि वर्षाच्या बोलीवर राबणारा आमचा सालदार आडवा झाला. भावाने गावासमोर तीच बाटली उचलली. "निवळ दिसस ना? जंतू खाई टाकात म्हनीसन निवळ शे. हाईच दवा!" मी काय ओतून टाकलं होतं, ते मला तेव्हा उमगलं. मी गर्दीत मागे सरकलो. बाटली सालदाराच्या ओठी रिकामी झाली, आणि दिवस मावळायच्या आत तो गेला.

"पानी पाजीसन मारी टाकं!" लोक ओरडले. "पानी नही व्हतं ते!" भाऊ एकटा अख्ख्या गावाशी भांडला. गाव खरं बोलत होतं, आणि तरी बरोबर भाऊच होता. खऱ्या औषधाने सालदार वाचला असता की नाही, देव जाणे. ती संधी मी मोरीत ओतली होती.

पुढे तो नंदुरबारला मास्तर झाला, पोरं हसली तरी बाटल्या निवळवत राहिला, आणि स्वतःची चूक शोधत राहिला. सूप जास्त तापलं? बूच सैल होतं? शेवटच्या आजारात मी उशाशी बसलो होतो. त्याने माझा हात धरला. "मन्हं कोठे चुकनं व्हई रे?"

मी तोंड उघडलं. बाहेर आलं ते एवढंच, "भाऊ, पाणी देऊ?"