दोन बोटं काच

गरम भरीत मांडीवर घेऊन बंद गाडीत बसू नये, हे मी आज कुणालाही छातीठोकपणे सांगू शकते. डिसेंबरची पहाट असेल तर नाहीच नाही. आणि गाडी चालवणाऱ्या बाईने सासऱ्यांशी बोलायचं नाही अशी घरात रीत असेल, तर मग एसटीने जावं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही जळगावला राहायचो आणि दारात एक जुनी पांढरी गाडी होती. गाडी नानांची, म्हणजे माझ्या आजोबांची. धरणगावकडच्या शेतात एका वर्षी कापूस चांगला पिकला, त्यावर त्यांनी ती घेतली. स्वतः मात्र कधी चालवली नाही. चालवायचे माझे वडील. मग वडिलांची बदली चंद्रपूरला झाली आणि गाडी अंगणात उभी राहिली. टपावर शेजारच्यांच्या कोंबड्या बसायला लागल्या तेव्हा नानांनी जाहीर केलं की गाडी विकायची. दोंडाईच्याचा एक व्यापारी पुढच्या रविवारी बघायला येणार होता.

हे ऐकून आईचा चेहरा पडला. कारण मधल्या काळात तिने गाजावाजा न करता, मला सोबत नेऊन, ड्रायव्हिंग क्लासला गाडी शिकून लायसन काढलं होतं. ती गावाबाहेरच्या शाळेत शिकवायची आणि रोज एसटीत चेंगरून जायची, हे झालंच. पण खरं सांगायचं तर तिला गाडी नुसती सोयीसाठी नको होती. स्टिअरिंगवर बसली की तिची पाठ ताठ व्हायची, ती गुणगुणायची, आणि आपल्या आईला गुणगुणता येतं हे मला तेव्हाच कळलं. ती गाडी जाऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं.

पण हे नानांना सांगणार कसं? लग्न झाल्यापासून ती नानांशी एक शब्द बोलली नव्हती. भांडण नव्हतं हो. आमच्याकडे सुनेने सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि बोलायचं ते पोरांच्या तोंडून, अशी पद्धत. सासरेही तसेच. आमच्या घरात पोर म्हणजे मी एकटीच.

"नानांना विचार, भाकरी वाढू का?"

"तुन्हा मायले सांग, अर्धी."

दोघं एकाच स्वयंपाकघरात, आणि मधे मी टपालखातं. मी घरात नसले की नाना उपाशी राहतील अशी मला खरंच काळजी वाटायची.

तर आईने माझ्यामार्फत निरोप धाडला, "नानांना सांग, मला गाडी चालवता येते." नाना बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "तुन्हा मायले सांग, आम्हले धुळे लई चाल. मंग दखसू." म्हणजे आधी आम्हाला धुळ्याला नेऊन दाखव, मग बघू.

धुळ्याला माझी आत्या दिलेली. दर हिवाळ्यात नाना तिच्या सासरी जळगावचं भरीत घेऊन जायचे. आमच्याकडची हिरवी, पोटाळ वांगी धुळ्याला मिळत नाहीत अशी त्यांची पक्की समजूत होती. पण आदल्या वर्षी आत्याच्या सासूबाई पहिल्या घासालाच म्हणाल्या होत्या, "भरीत गारढोण शे, व्याही." ते नानांना फार लागलं होतं. यंदा भरीत वाफाळतं पोचलं पाहिजे, नाहीतर आपण धुळ्यात तोंड दाखवणार नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं.

म्हणून मग पहाटे उठून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, मिरच्या-लसूण घालून ठेचली, वर कढत तेलाची फोडणी ओतली आणि भलंमोठं पातेलं गोधडीत गुंडाळून गाडीत आलं. ठेवायचं कुठे? नानांचा कुणावर विश्वास नव्हता. ते मानाने पुढच्या सीटवर बसले आणि पातेलं त्यांनी मांडीवर घेतलं. डोक्याला कानटोपी, त्यावरून उपरणं. मागे मी आणि आक्का. आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. बाई एकदा बोलायला लागली की श्वास कधी घ्यायची हे कोणी पाहिलं नव्हतं. तिच्या मांडीवर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांचा डबा. आईने डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोचला आणि गाडी सुरू केली.

बांभोरीचा पूल ओलांडेपर्यंत सगळ्या काचा आतून पांढऱ्या झाल्या.

आईने फडक्याने पुसलं. काच क्षणभर स्वच्छ, की पुन्हा पांढरी. "नानांना विचार," ती मला म्हणाली, "काच दोन बोटं खाली केली तर चालेल का?"

"तुन्हा मायले सांग," नाना म्हणाले, "कानमा वारं घुसनं ते तोंड वाकडं व्हई जास. आनि भरीत थंडं व्हई जाई." आणि भरीत थंड झालं का ते बघायला त्यांनी झाकण उघडलं. भसकन वाफ वर गेली. "अजून गरम शे," ते समाधानाने म्हणाले. पुढचं काही दिसेनासं झालं.

ही तपासणी नाना दर थोड्या वेळाने करत होते. मागे आक्का कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणाची हकिकत सांगत होती, म्हणजे तिचीही वाफ त्यात होतीच. एरंडोलला चहाला थांबलो तेव्हा टपरीवरच्या एका ट्रकवाल्याने उपाय सांगितला, काचेला तंबाखू चोळा. हा उपाय पावसात, बाहेरून करायचा असतो. पण आक्काने पुढचं ऐकलंच नाही. तिने कनवटीची तंबाखू काढली, पुढे वाकून आतून काच चोळली, आणि तिच्या हाताला पुरीचं तेल होतं. आता काच पांढरी नव्हती, तपकिरी होती. "दख, कशी चकाकस!" आक्का म्हणाली. आईने डोळे मिटून घेतले. नाहीतरी उघडे ठेवून काही उपयोग नव्हता.

शेवटी नानांनी उपरण्याचं टोक सोडलं आणि पुढची काच खसाखसा पुसली. फक्त आपल्या बाजूची. सुनेच्या अंगावरून हात कसा न्यायचा? ते रीतीत बसत नाही. त्यामुळे झालं असं की रस्ता दिसत होता तो नानांना, आणि गाडी चालवत होती आई.

तिथून पुढे गाडी माझ्यावर चालली.

"तुन्हा मायले सांग, डावा हातले खड्डा शे."

"आई, डाव्या हाताला खड्डा आहे."

दाणकन. खड्डा होऊन गेलेला असायचा.

"नानांना सांग, जरा आधी सांगा."

"तुन्हा मायले सांग, जरा हळू चालाव."

आईची मान स्टिअरिंगच्या वर लांबलेली, पदर घामाने ओला. ती गुणगुणत नव्हती. ती आतल्या आत गाडीचा निरोप घेत असणार, कारण नाना मधूनमधून "हं" करत होते, आणि त्यांचं ते "हं" ऐकून भल्याभल्यांचे व्यवहार मोडलेले होते. मला रडू यायला लागलं. म्हणून आक्काने माझ्या तोंडात आख्खी कळण्याची पुरी कोंबली.

नेमकं तेव्हाच नाना म्हणाले, "तुन्हा मायले सांग, पुढे कापूसनी बैलगाडी शे."

कळण्याची पुरी म्हणजे चिवट प्रकरण. मी चावत राहिले.

"सांग ना तुन्हा मायले!"

"म्म्म," मी म्हटलं.

"गिळ वं, गिळ!" आक्का माझ्या पाठीत धपाटे घालत ओरडली. बैलगाडी रस्त्याच्या मधोमध चालली होती, कापसाचा ढीग दोन्हीकडे लोंबत होता, आणि गाडीवान बहुधा झोपला होता. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या ढिगाकडे, आणि मग सगळ्या खानदेशाला ऐकू जाईल असे ओरडले:

"ब्रेक दाब व माय!"

आईने ब्रेक दाबला. गाडीचं नाक अलगद कापसात जाऊन टेकलं. इंजीन बंद पडलं. पातेल्याचं झाकण उडालं आणि पावशेरभर भरीत पुढच्या काचेवर जाऊन बसलं, नेमकं नानांनी पुसलेल्या जागी.

"मला दिसलंच नाही हो नाना!" आई म्हणाली.

आक्कासुद्धा गप्प. दोघं एकमेकांशी बोलले होते, हे त्या दोघांच्याही हळूहळू ध्यानात येत होतं. आई पदर सावरायला गेली तर तिच्या हाताला भरीत लागलेलं. नानांच्या कानटोपीवर एक मिरची होती. आईला हसू फुटलं. ती तोंड दाबून हसायला लागली, मग तोंड न दाबता. नाना समोर बघत राहिले, पण त्यांचं पोट हलत होतं, आणि त्याबरोबर पातेलंही.

मग आईने फडक्याने पुढच्या काचेवरचं भरीत आणि तंबाखू खरवडून काढली, आणि नानांनी खिडकीचं हँडल धरून स्वतः काच खाली केली. थंडगार वारं आत आलं आणि बघता बघता सगळ्या काचा निवळल्या. एवढंच करायचं होतं. तेवढ्यासाठी आम्ही तंबाखू, तेल, उपरणं आणि पावशेर भरीत खर्च केलं होतं.

काच निवळल्यावर नानांनी सांगायची काही गरज नव्हती. पण त्यांना आता गोडी लागली होती. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत ते डोकं बाहेर काढून बसले. "आते सीधी ले. म्हैस शे, म्हैस शे! गयी." आईही उत्तरं देत होती, "हो नाना," "पाहिली नाना," आणि एकदा चक्क, "नाना, डोकं आत घ्या, ट्रक येतोय." नानांनी मुकाट्याने डोकं आत घेतलं. मला काहीच काम उरलं नाही. मी आणखी एक पुरी खाल्ली.

धुळ्याला भरीत अर्थातच गार पोचलं. आत्याच्या सासूबाईंनी घास घेऊन भुवया उंचावल्या. नाना म्हणाले, "भरीत थंडंच चांगलं लागस," आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

घरी आल्यावर मात्र जैसे थे. आईच्या डोक्यावर पदर, नाना भिंतीकडे बघत, "तुन्हा मायले सांग, पाणी." गाडीबद्दल अवाक्षर नाही. आईने शनिवारी गाडी धुतली. काचेवरचा लसणाचा वास काही जाईना, तरी ती कितीतरी वेळ एकच काच पुसत होती. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे. चांगली दिसू दे बिचारी, परक्याकडे जायची आहे."

रविवारी व्यापारी आला. गाडीभोवती फिरला, आत बसून नाक मुरडलं, पण किंमत बरी सांगितली. आई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. नानांनी त्याला चहा पाजला, चंद्रपूरच्या उन्हाबद्दल बोलले, आणि चहा संपल्यावर म्हणाले, "गाडी इकनी नही शे."

"का हो, नाना? चालवतं कोण आता?"

"वऊ चालाडस," नाना स्वयंपाकघराच्या दाराकडे मान हलवून म्हणाले. मग कपबशी बाजूला सरकवत, "तिनाशी माले घरमा बोलता येस नही. गाडीमा येस."

व्यापाऱ्याला काही कळलं नाही. तो गेला. दाराआड भांडं पडल्याचा आवाज झाला.

नानांनी मला हाक मारली. "तुन्हा मायले सांग..." एवढं म्हणून ते थांबले. उठले, कानटोपी घातली, अंगणात जाऊन गाडीच्या डाव्या सीटवर बसले आणि दार लावून घेतलं. मग काच खाली केली. दोन बोटं, जास्त नाही. आणि त्या फटीतून घराकडे तोंड करून हाक मारली:

"चाल व माय, दूध लेवाले जाऊत!"