मडगार्डचं भोक

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मंचरला हायवेच्या कडेला माझं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रॉल्या, गेट, नांगर अशी जाडजूड कामं. त्यात गनचं बटण दाबताच वेल्डिंग करणारं नवं सीओटू मशीन आलं आणि माझे पाय जमिनीवर राहिनात.

त्याच सुमारास लोणीचं स्थळ सांगून आलं. बघण्याचा कार्यक्रम रविवारी ठरला. मुलीचे वडील मात्र त्याआधीच आपली जीप घेऊन दुकानात हजर झाले. पुढचं मडगार्ड गंजून चाळण झालेलं.

"पोहे खाताना माणूस कळत न्हाई, पावणं," ते म्हणाले, "काम करताना कळतो. मारा ठिगळ."

पुढच्या सीटवर मुलगी बसली होती.

"हिला बाजारात नेतोय. तुमी तिकडं बघायचं न्हाई. रविवारी बघा."

आता असं सांगितल्यावर कोणता माणूस बघणार नाही?

जाड लोखंडावर गनचं बटण एकदा दाबलं की दाबूनच धरायचं, ही माझी सवय. पातळ पत्र्याला ते चालत नाही, तो तापून वितळतो. तिथं बटण क्षणभर दाबायचं, सोडायचं, ठिपक्याची लाली उतरली की त्याला चिकटून पुढचा ठिपका द्यायचा. हे मला पक्कं माहीत होतं. पण तोंडासमोर धरलेली काळी काच जरा बाजूला सरकायची, नजर सीटकडे जायची आणि बोट बटणावर तसंच राहायचं. फस्सकन भोक! ते बुजवायला गेलो, तर शेजारी दुसरं.

"भोकं बुजवायला आणली व्हती मी," वडील हाताची घडी घालून म्हणाले, "पाडायला न्हाई."

मला स्वतःचा असा राग आला! मुलगी बघायच्या नादात मुलगीच हातची जाणार होती. आणि ती मला हवी होती. चोरून बघितलं तेवढ्यातच माझं ठरलं होतं.

तेवढ्यात जीपमधून आवाज आला. टिक, टक. टिक, टक. इंडिकेटर.

मी काच तोंडासमोर घट्ट धरली. टिकला बटण दाबलं, टकला सोडलं. पुन्हा टिक, पुन्हा दाबलं. ठिपक्याला ठिपका लागत गेला. शप्पथ सांगतो, त्यानंतर मी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. पडलेली भोकं बुजली, ठिगळ चारी बाजूंनी बसलं. शेवटचा एक ठिपका तेवढा राहिला.

वडिलांनी जोडावर स्क्रूड्रायव्हर ठोकून पाहिला. मग जीपमध्ये डोकावले.

"इंडिकेटर कुणी लावला गं?"

"मीच," आतून उत्तर आलं. "त्यांना ठेका नको का?"

वडिलांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. इंडिकेटर बंद करायला पुढं केलेला हात त्यांनी मागं घेतला.

"पावणं, आमच्या घरचा होकार तर मगाधरनं टिकटिकतोय," ते म्हणाले. "तुमचं काय?"

गन शेवटच्या ठिपक्यावर टेकलेली होती आणि बोट आनंदानं बटणावर आवळलं गेलं. फस्सकन भोक पडलं.

"कळलं," सासरे म्हणाले.

पुढं जीप विकेपर्यंत त्यांनी मला ते भोक बुजवू दिलं नाही.