मावशीजींच्या बसमधला एकच फोन

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे फोनच्या बटव्यात नवी नाडी घालणं. रविवारची दुपार होती. चंदीगडजवळ मुल्लानपूरला थंडीत नीट ऊन पडलं की माणसं घरातली कामं दारात आणून करतात, तसे आम्ही बसलो होतो. सेफ्टी पिनेला नाडी अडकवून ती एका बाजूने ढकलत होती, मी दुसऱ्या बाजूने ओढत होतो. पिन मध्येच उघडली आणि माझ्या बोटात घुसली.

"मिल्ट्रीत काय शिकलासा वं तुम्ही?" ती म्हणाली.

"ट्रक चालवायला. नाड्या घालायला वेगळी पलटण होती."

ती हसली. बटवा कमरेला खोचून बघितला, नाडी ओढून बघितली. "चला, उद्याची काळजी मिटली," म्हणाली. संध्याकाळी छातीत जड वाटतंय म्हणाली, आणि रिक्षा हॉस्पिटलात पोचायच्या आत गेली.

लोक म्हणतात, देवाची मर्जी. असेल. देवावर माझा राग नाही. ज्यांच्यावर आहे त्यांचंही लिहिणार आहे, पण आधी तिचं.

ती शाळेच्या बसमधली बाई. मी त्याच बसचा ड्रायव्हर. लष्करात गाडी चालवत चालवत मी सातारा जिल्ह्यातून चंदीगडला आलो, पेन्शनीत निघाल्यावर इथेच राहिलो आणि या शाळेच्या बसवर लागलो. बसमध्ये मुलांबरोबर एक बाई लागते, म्हणून ही चढली. इथली पोरं अशा बायांना आंटी म्हणतात नाहीतर दीदी. हिने पहिल्याच दिवशी दार अडवून सांगितलं, "मैं मावशी हूँ. आंटी बोलेगा तो दरवाजा नहीं खुलेगा." पोरांनी मान्य केलं. फक्त जी लावल्याशिवाय इथे कोणाला मान दिल्यासारखं वाटत नाही, म्हणून ती झाली मावशीजी. पोरांचं पाहून त्यांचे आईबाप, मग हेडमास्तरीणबाई, सगळेच म्हणायला लागले. घरी मीसुद्धा म्हणायचो, चिडवायला. ती मला बसमध्ये ड्रायवरसाब म्हणायची. "ड्रायवरसाब, खड्डा बघून. पोरांच्या पोटात पराठे हायत."

तिच्या कमरेला बटवा आणि बटव्यात बटणांचा साधा फोन. सगळ्या बसचा तेवढा एक फोन. कोणाचा डबा राहिला, कोणाला ताप भरला, कोणाला आज आजोळी उतरायचंय, की ती बटवा सोडायची आणि नंबर लावून द्यायची. पण तिचा एक कायदा होता. फोन घेऊन कोपऱ्यात जायचं नाही. दारापाशी तिच्याजवळ उभं राहून सगळ्यांच्या देखत मोठ्याने बोलायचं. एकदा एका पोराने आईला विचारलं, "मम्मी, टिफिन में क्या है?" फोनचा आवाज असा की भोंगा परवडला. आई म्हणाली भेंडी, आणि अख्खी बस अरेरे म्हणाली. मग पुढच्या सीटवरच्या मुलीने त्याला आपल्या डब्यातलं अर्धं पनीर कबूल केलं, बदल्यात गणिताची वही मागितली. मी आरशातून बघत होतो. हसण्यामुळे स्टिअरिंग सरळ धरवत नव्हतं.

मी तिला म्हणायचो, पोरांच्या घरची बोलणी चारचौघांत कशाला? ती म्हणायची, "आवं, ऐकायला मान्सं असली की दुखणं निम्मं हुतं." ते मी डोळ्यांनी पाहिलं. एका मुलाचे आजोबा दवाखान्यात होते. तो रोज फोन लावून विचारायचा, आणि तो बोलत असेपर्यंत मागचा गलका आपोआप थांबायचा. ज्या दिवशी वाईट बातमी आली त्या दिवशी त्याला कोणी काही विचारलं नाही. खिडकीवरून रोज मारामारी करणाऱ्या पोराने उठून त्याला खिडकी दिली. हे कोणी शिकवलेलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं होतं, एवढंच.

ड्रायव्हरला पाठीने कळतं. मागे गाणं चाललंय की भांडण, कोणाला मळमळतंय, कोण रुसलंय, मला वळून बघावं लागत नसे. मग पोरांच्या खिशात फोन यायला लागले. आधी मोठ्या वर्गातल्यांकडे, मग सगळ्यांकडे. दर वर्षी बस थोडी थोडी गप्प होत गेली. शेवटी शेवटी तर वाटायचं, रिकामी गाडी डेपोत घेऊन चाललोय. आरशात बघावं तर सगळ्या माना खाली. ही मधल्या वाटेने फिरायची, "अरे, बाहर देखो, मोर आया है," म्हणायची. शेतातला मोर कोणी बघत नव्हतं. एकाने मान वर न करता तिला सांगितलं, "मावशीजी, मोर यूट्यूब पे भी है." मी ब्रेकवर पाय ठेवला होता. उतरून त्या पोराला शेतात उभं करावं असं मनात आलं. तिने आरशात माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणून पुढे गेलो.

पुढे माझे डोळे अधू झाले, मी बस सोडली. ती राहिली. मग गेल्या वर्षी ते नूरचं झालं.

नूर सातवीतली मुलगी, आमच्या रस्त्यावरच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहणारी. एके दिवशी तिला बसमध्ये ओकारी झाली. कपड्यांवर, सीटवर, सगळीकडे. हिने पेपर टाकला, पुसलं, पोरीचं तोंड धुतलं, आपली शाल तिच्याभोवती गुंडाळली. घरी येऊन मला म्हणाली, बिचारी लाजली होती, पण उद्यापर्यंत विसरंल. आमच्या वेळी असंच व्हायचं. पुसलं की संपलं. पण मागच्या सीटवरच्या एका पोराने ते सगळं फोनवर घेतलं होतं. त्यावर गाणं चढवलं, कुत्र्याचे कान चढवले आणि सोडलं. रात्रीत ते सगळ्या शाळेत फिरलं. दुसऱ्या दिवशी पोरगी बसमध्ये चढली तर चाळीस पोरं तिच्याकडे न बघता फोनकडे बघून हसत होती. हिला कळेना, हसतात कशाला. कारण आता कोणी मोठ्याने काही बोलत नव्हतं. हिच्या नाकासमोर त्या पोरीचे धिंडवडे चालले होते आणि हिला ते ऐकूच आलं नाही. याचं तिला शेवटपर्यंत वाईट वाटत राहिलं. नूरने शाळा सोडली. म्हणजे पटावर नाव आहे, पण ती घराबाहेर पडेना.

नंतर कळलं तेव्हा हिने काय केलं, तर त्या पोराचा फोन काढून घेतला, आपल्या बटव्यात घातला आणि नाडी ओढली. संध्याकाळी शाळेत त्याचा बाप. म्हणे चोरी आहे. म्हणे मुलाच्या वस्तूला हात लावणारी ही कोण? म्हणे, बस रस्त्यात अडकली तर मी माझ्या मुलाशी बोलणार कसा?

"मेरे से बोलो," ही म्हणाली. "मैं किस लिए बैठी हूँ?"

हेडमास्तरीणबाई चांगल्या होत्या, पण त्या खुर्चीवर चांगलं माणूस किती दिवस चांगलं राहणार? म्हणाल्या, मावशीजी, फोन द्या आणि सॉरी म्हणा, विषय संपवू. हिने फोन दिला. सॉरीचं मात्र म्हणाली, "बोलूंगी. पहले ये लड़का नूर के घर जाके बोले. उसके पीछे मैं."

तो पोरगा गेला नाही. हीही बोलली नाही. मग शाळेने पालकांची सभा घेतली, शाळेत फोनला बंदी घालावी का म्हणून. मी हिला आणायला गेलो होतो, तर मागे उभा राहून ऐकलं. ही पाण्याच्या बाटल्या वाटत होती. फोनच्या बंदीसाठी भरलेल्या सभेत निम्मी माणसं फोनमध्ये तोंड घालून बसली होती. एक जण म्हणाला काळ बदलला. एक बाई म्हणाल्या, बंदीने मुलं लपवायला शिकतात. वा. मग चोरीलाही बंदी कशाला, लोक लपवतातच की. नूरचं नाव कोणी काढलं नाही. तिची आई कोपऱ्यात बसली होती, ती उठून निघून गेली. शेवटी ठरलं काय, तर फोन आणावा, पण जबाबदारीने वापरावा.

जबाबदारीने. मी जन्मभर गाडी चालवली. लायसन देण्याआधी सरकार वय बघतं, डोळे तपासतं, आठाच्या आकड्यात गाडी फिरवायला लावतं. चुकलास तर लायसन काढून घेतं. आणि ही वस्तू पाचवीच्या पोराच्या हातात देतात वाढदिवसाचा केक कापता कापता, ना परीक्षा ना काही. माणूस चिरडला तर म्हणतात, पोरच आहे. मी चौथी शिकलेला, पण मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, शाळेच्या फाटकाच्या आत एक फोन नको. पोरांचा नको, मास्तरांचा नको, सभेला येणाऱ्या आईबापांचाही नको.

घरी येताना मी हे सगळं रस्ताभर बडबडत होतो. ती म्हणाली, "तुमचं काय, उद्या घड्याळालाबी बंदी घालशीला. असू द्या की एक फोन. पण मोठ्या मान्साच्या कमरंला."

"आणि नूरचं काय?"

दुसऱ्या दिवसापासून तिने तिचं काम सुरू केलं. बस नूरच्या बिल्डिंगखाली थांबवायची. नवा ड्रायव्हर कुरकुर करायचा, पोरं वैतागायची. ही दारात उभी राहून तिच्या आईच्या फोनवर फोन लावायची. बटण ठरलेलं होतं. दोनवर आमची मुलगी, तीनवर नूर. तीन दाबून धरलं की लागायचा.

"बेटा, बस आ गयी. आज आना है?"

"नहीं, मावशीजी."

"पक्का?"

"पक्का."

"ठीक है. कल फिर पूछूंगी."

आणि बस निघायची. हे सगळं मोठ्याने, सगळ्या बसच्या देखत. तो व्हिडिओवाला पोरगाही ऐकत असायचा. हिला तेच पाहिजे होतं, असं मला वाटतं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, थंडी आली. रोज तेच. मी एकदा म्हणालो, ती येणार नाही, कशाला तिला छळतेस? ती म्हणाली, "न्हाय म्हनायला तरी रोज फोनपाशी येती न्हवं? आता तिच्या आईच्या हातून हिसकावून घेती. येऊ दे की सावकाश." सुट्टीच्या दिवशी तिला चैन पडत नसे. रविवारी नाडी घालून झाल्यावर उद्याची काळजी मिटली म्हणाली, ती हीच काळजी.

सोमवारी सकाळी मी घरी एकटा होतो. तिला हॉस्पिटलातच ठेवलं होतं. मुलगी नाशिकहून निघाली होती, ती दुपारी पोचणार, मग पुढचं. शेजारच्या सरदारणीने चहा आणून ठेवला, तो तसाच होता. रोजच्या वेळेला बस कोपऱ्यावर आली. ड्रायव्हरला कळलेलं होतं, तरी त्याने सवयीने हॉर्न दिला. दारात शाळेची दुसरी कोणी बाई उभी होती. तिच्या हातात तिचा मोठा फोन होता, ती त्यात बघत होती. बस निघून गेली.

खुंटीवर बटवा होता. मी कधी फोन लावलेला नाही, लावायचा म्हटलं की ही लावून द्यायची. चष्मा पुसला, तीनचं बटण शोधलं आणि दाबून धरलं.

तिकडून लगेच आवाज आला. "मावशीजी, आज भी नहीं."

मी म्हणालो, "मावशीजी नहीं, बेटा. मैं उसका ड्रायवर बोलता हूँ."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कल शाम को वो गुजर गयी."

तिकडून रडणं ऐकू आलं. मी थांबलो. घाई कशाची होती.

"नीचे बस आयी है?" मी विचारलं.

"आयी है. खड़ी है."

"आज तुझे कोई पूछेगा नहीं, इसलिए मैं पूछता हूँ. आज आना है?"

"आज नहीं, अंकल."

"पक्का?"

"पक्का."

"ठीक है," मी म्हणालो. "कल फिर पूछूंगा."

फोन बटव्यात घातला, नाडी ओढली, बटवा आपल्या कमरेला खोचला आणि तिला आणायला हॉस्पिटलात निघालो.