दोन मिनिटांची शांतता

कल्पना करा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत तुम्हाला दोन मिनिटांची शांतता गोळा करायची आहे. गल्लीत चोवीस यंत्रमाग. मोबाईलच्या अ‍ॅपवर मोजलं, तर बंद दाराआडसुद्धा पंच्याऐंशी डेसिबल.

हे काम रुद्रप्पांच्या वाट्याला आलं. ते जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. त्यांची बारा वर्षांची लेक ऋतुजा गाते. टीव्हीवरच्या एका आंतरराष्ट्रीय बालगायन स्पर्धेसाठी तिला व्हिडिओ पाठवायचा होता. साथीला वाद्य नको, गाणं दोन मिनिटांचं आणि एका दमात, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. आदल्या दिवशी बापलेक कुंभारीला मेहुण्याच्या शेतात जाऊन आले होते. तिथं वारा मोबाईलमध्ये घुसला आणि दुसऱ्या कडव्यात शेळीनं भाग घेतला.

म्हणून रुद्रप्पा दारोदार फिरले. मालकांनी मुकाट्यानं होकार दिला. जॉबर रुसला तर माग कोण बघणार? फक्त भीमाशंकर मालकांनी विचारलं, पोरगी जिंकली तर तिचा फोटो टॉवेलवर विणू द्याल का. देईन, असं रुद्रप्पांनी बेधडक सांगून टाकलं.

चार वाजता सगळे माग एकदम थांबले. ऋतुजानं सूर लावला आणि गल्लीतली तीन तान्ही पोरं दचकून जागी झाली. खडखडाटात झोपायची सवय त्यांना. शिवाय आमच्याकडे लाईट असताना माग बंद पडले, म्हणजे कुणीतरी वारलं, असंच धरतात. पाहता पाहता रुद्रप्पांच्या दारात गर्दी झाली. शेजारच्या सावित्रम्मा विड्या वळायचं सूप बाजूला ठेवून, डोक्यावर पदर घेऊन आल्या.

"कोण गेलं, रुद्रप्पा?"

"कुणी न्हाय, अक्का. पोरगी गाणार हाय."

सावित्रम्मांनी जरा विचार केला. "आमचा बिरुदेव हार आणायला गेलाय की."

गर्दी पांगवून, रडणारी पोरं गप्प करून पुन्हा सगळं शांत करेपर्यंत साडेचार वाजले. या वेळी ऋतुजाच अडखळली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. डोळ्यांत पाणी आणून ती म्हणाली, "आप्पा, ठेका सापडेना."

रुद्रप्पांनी घड्याळ बघितलं. जन्मापासून पोरगी मागांच्या आवाजावरच गात आली होती. ते बाहेर धावले आणि सगळे माग चालू करायला सांगितले. ऋतुजा एका दमात गायली, खणखणीत. माग काही वाद्य नव्हे, असं रुद्रप्पांनी स्वतःच ठरवलं. पाचला चार मिनिटं बाकी असताना व्हिडिओ गेला.

उत्तर अजून आलेलं नाही. ऋतुजा दिवसातून दहा वेळा मोबाईल उघडते. रुद्रप्पांनी मात्र तो व्हिडिओ कानाला लावून ऐकला आणि त्यांचा चेहराच उतरला. पलीकडच्या शेडमधला एक माग मधेच ठेका चुकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी आधी तो नीट केला. पण व्हिडिओ तर गेलेला. आता भेटेल त्या शिकल्यासवरल्या माणसाला ते थांबवून विचारतात :

"परीक्षकांनी मार्क कापले, तर ते पोरीचे कापतील का मागाचे?"