घरचं नाव

विलास सावंत गेल्याचा फोन दुबईहून आला तेव्हा मी मुलुंडच्या घरी मेथी निवडत बसलो होतो. फोनवर आमच्या कंपनीच्या तिथल्या ऑफिसातला माणूस होता. अडीअडचणीला म्हणून विलासने माझा नंबर देऊन ठेवला होता. मीटिंगसाठी गेलेला, सकाळी हॉटेलच्या खोलीत हार्ट अटॅक. त्याचं बोलणं संपलं आणि मी विचारलं, "एअरवे बिल नंबर काय?" बत्तीस वर्षांपासूनचा मित्र गेला आणि मी मालाच्या पावतीचा नंबर विचारला... समोरच्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कागद झाले की कळवतो, म्हणाला. मी उरलेली मेथी निवडून टाकली.

अंधेरीला सहार कार्गोत आम्ही एकाच आठवड्यात कारकून म्हणून लागलो. मी कागदपत्रांतच राहिलो आणि तिथूनच रिटायर झालो. तो चढत चढत पश्चिम विभागाचा प्रमुख झाला. आंबे, औषधं, फुलं, एकदा तर शर्यतीचे घोडेसुद्धा त्याने विमानाने पाठवले. कामाला खडूस. आंब्याची पेटी उन्हात राहिली तर मॅनेजरलाही सगळ्यांसमोर झापायचा, मलाही झापलंय. पण आखातातून कुणाचा मृतदेह आला की प्रमुख झाल्यावरही तो स्वतः खाली शेडमध्ये उतरायचा. कागदावर तोही मालच, नग एक. विलास आधी बाहेर थांबलेल्या नातेवाइकांना विचारून यायचा, "घरी काय म्हणता त्याला?" मग पेटीपाशी बूट काढून लोडरना सांगायचा, "हळू रे, पप्पू आलाय." बस, एवढंच. मला ते नाटक वाटायचं. एकदा म्हटलंही, "यार, मागे तीन गाड्या खोळंबल्यात." तो म्हणाला, "खोळंबू दे ना. गाव सोडल्यापासून त्याला कोणी त्या नावाने हाक मारली नसेल."

तिसऱ्या दिवशी दुपारी विलास आला. रिटायर झालो असलो तरी कागद मीच तपासले, ऑफिसने तेवढं करू दिलं. एकही चूक नव्हती. जुना लोडर मारुती चपला काढून पुढे झाला आणि पेटीवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिला. "साहेब, घरचं नाव?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका टेबलावर डबे उघडले... मी विल्या म्हणायचो, पण ते मी ठेवलेलं नाव. शेवटी बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला, सुनंदावहिनींना विचारावं लागलं. "आई त्यांना बाबलो म्हणायच्या," त्या म्हणाल्या, आणि मी ते नाव घोकत आत आलो. मारुतीने हाक दिली, "हळू रे, बाबलो आलाय." तेव्हाही मला रडू आलं नाही. बूट काढायचे राहिले, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

गेल्या रविवारी त्याच्या घाटकोपरच्या घरी गेलो. दाराशी त्याचे ऑफिसचे जुने बूट अजून तसेच होते, नाड्या सैल. पटकन काढता यावेत म्हणून तो त्या कधी घट्ट बांधत नसे. चहा घेताना मी म्हटलं, "मला त्याचं नाव माहीत नव्हतं वहिनी. लाज वाटते." त्या म्हणाल्या, "तुम्हाला घरी बंडू म्हणायचे ना? तुमच्या आई होत्या तेव्हाच यांनी त्यांना विचारून ठेवलं होतं."

मला त्याने कधी कळूसुद्धा दिलं नाही... आई गेली, मोठा भाऊ गेला. ते नाव आता एकट्या वहिनींना माहीत आहे. कप उचलताना त्यांनी विचारलं, "अजून अर्धा कप, बंडूभावजी?" मी हो म्हटलं. मग दाराशी ठेवलेल्या त्याच्या बुटांकडे बघत बसलो.